साठ दिवसांनंतरचे पोट : विमा नियामकांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सवयी आणि विम्याचे संरक्षण

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते, रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो आणि खरे काम तिथून सुरू होते. काय खायचे, किती खायचे, पाणी कधी प्यायचे, कोणती गोळी कोणत्या गोळीपासून लांब ठेवायची, हे सगळे त्याला जन्मभर सांभाळायचे असते. आरोग्य विमा मात्र या कामात पहिल्या काही आठवड्यांपुरताच सोबतीला असतो.

प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी विमा करारांतील वगळण्यांचे प्रमाणीकरण केले. त्यातील संकेत ०६ चे कलम लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च वगळते, पण काही अटी पूर्ण झाल्यास तो देण्यास सांगते. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, रुग्णाला १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत, त्याचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून जास्त असावा. तो ४० पेक्षा कमी पण किमान ३५ असेल तर हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार जोडीला असावा आणि साधे उपाय करून झालेले असावेत. निर्णय चांगला होता. त्याआधी अनेक पॉलिसींत लठ्ठपणावरचे उपचार सरसकट बाहेर ठेवलेले असत.

त्याच यादीत थोडे पुढे संकेत १४ चे कलम आहे. चिठ्ठीशिवाय मिळणारी जीवनसत्त्वे, खनिजे आणि पूरक आहार ते वगळते. रुग्णालयातील उपचाराच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली असतील तेवढीच मान्य होतात. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, तिचे बिल एक कलम मंजूर करते आणि गोळ्यांचे बिल दुसरे कलम नाकारते. २०२० मध्ये प्रमाणित पॉलिसी म्हणून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’त घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळतो. इतर पॉलिसींत ही मुदत कमीजास्त असते. साठाव्या दिवसापर्यंत या रुग्णाचे काय काय झालेले असते आणि काय व्हायचे बाकी असते, हे प्राधिकरणापुढे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

भारतात मुख्यतः दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून जाते. पोट लहान झाल्याने माणूस कमी खातो हे यातले अर्धेच स्पष्टीकरण. स्लीव्हमध्ये काढून टाकलेल्या भागातच भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, आणि दोन्ही प्रकारांत अन्न आतड्यात लवकर पोचल्याने तृप्तीची संप्रेरके वाढतात. त्यामुळे पहिले वर्ष-दीड वर्ष रुग्णाला भुकेची फारशी आठवणच होत नाही. हा काळ सवयी बसवण्यासाठी मिळालेला असतो. पुढे भूक बऱ्याच अंशी परतते, आणि तोवर सवय बसली नसेल तर उशीर झालेला असतो.

पहिले दोन आठवडे पातळ आहाराचे: मुगाच्या वरणाचे गाळलेले पाणी, ताक, दूध, सूप, तेही घोटाघोटाने. मग मिक्सरमधून काढलेले पदार्थ, नंतर मऊ खिचडी, उकडलेले अंडे, कुस्करलेले पनीर, काटे काढलेला मासा. नेहमीच्या अन्नावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. विम्याचे साठ दिवस संपतात तेव्हा रुग्ण नुकताच पोळीच्या तुकड्यापर्यंत आलेला असतो. पोळी आणि मोकळा न झालेला भात हेच मराठी घरातले दोन पदार्थ सर्वांत जास्त अडतात. पुरेसा न चावलेला घास छातीच्या मध्यभागी बसून राहतो, लाळ सुटते, आणि घास उलटून पडेपर्यंत चैन पडत नाही. एका घासाला वीस-पंचवीसदा चावायचे आणि एका वाटीच्या जेवणाला वीस मिनिटे द्यायची, हे सांगायला सोपे आहे. आयुष्यभर दहा मिनिटांत डबा संपवलेल्या माणसाला ते नव्याने शिकावे लागते.

त्या एका वाटीत काय असावे, हा प्रथिनांचा प्रश्न आहे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. ती कमी पडली तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते. एक वाटी शिजलेल्या वरणात प्रथिने सहा-सात ग्रॅमच असतात, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. नुसत्या वरणावर साठाचा आकडा गाठायचा तर नऊ वाट्या प्याव्या लागतील, आणि पोट तर एका वाटीचे आहे. म्हणून ताटातला क्रम बदलावा लागतो: आधी अंडे, मासा, चिकन, पनीर किंवा सोयाबीन, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळी-भात. शाकाहारी घरात हे गणित प्रोटीन पावडरशिवाय बसवणे पहिल्या वर्षात कठीण जाते. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार पाळणाऱ्यांचे आणखी अवघड. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असतात. उपास मोडायला न सांगता दही, पनीर, शेंगदाणे यांवर उपासाचा दिवस कसा काढायचा, हे सांगणारा आहारतज्ज्ञ लागतो, आणि त्याची फी साठ दिवसांनंतर रुग्णाच्या खिशातून जाते.

जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे, हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. घासाबरोबर पाणी प्यायले की अन्न खाली वाहून जाते, पोट भरल्याची जाणीव लवकर ओसरते आणि माणूस पुन्हा खातो. दिवसभरात दीड लिटर पाणी पोटात जायलाच हवे, पण दोन जेवणांच्या मधल्या वेळात.

गोडाची गोष्ट निराळी आहे. बायपासनंतर बासुंदी, जिलबी, उसाचा रस असे काही पोटात गेले की साखर एकदम आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब आणि आडवे व्हावेसे वाटणे. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर वेगाने चढल्याने जास्तीचे इन्सुलिन सुटते आणि रक्तातली साखर खाली कोसळते. हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे लोक घाईने गुळाचा खडा देतात. त्या क्षणी तो लागतोच, पण त्यामागून प्रथिने असलेले काही खाल्ले नाही तर तासाभराने तेच चक्र पुन्हा फिरते. कित्येकांना हे ‘बीपी लो झाले’ असेच वाटत राहते.

आता गोळ्या. लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात होते, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळलेला असतो. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन लागते; जठराचा मोठा भाग काढला किंवा टाळला गेला तर ते कमी पडते. भारतात या दोन्हींची तूट शस्त्रक्रियेआधीच असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि शाकाहारी जेवणात बी-१२ फारसे नसतेच. म्हणून बी-१२ रोज गोळीने किंवा महिन्याला इंजेक्शनने, पाळी येणाऱ्या स्त्रियांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह, १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि सर्व घटक असलेली एक मल्टिव्हिटॅमिन गोळी, असा हा कायमचा रतीब.

तो घेण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर कॅल्शियम लोहाला अडवते. दोन्हींत किमान दोन तास हवेत. कॅल्शियमही एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषले जात नाही, म्हणून त्याचे दोन-तीन भाग करावे लागतात. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. मराठी घरात सकाळची गोळी चहाच्या कपाबरोबरच गिळली जाते, आणि वर्षभर नेमाने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नाही, त्याचे कारण पुष्कळदा तो कप असतो. दुसरी गफलत औषधाच्या दुकानात होते. डॉक्टर लिहितात कॅल्शियम सायट्रेट, कारण ते शोषले जायला जठरातील आम्लाची गरज पडत नाही. दुकानदार देतो सर्वत्र खपणारे कॅल्शियम कार्बोनेट, ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे सांगून. ते तेच नसते. ही चूक हाडांच्या तपासणीत उघडकीस यायला वर्षे लागतात.

बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त पुरतो. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी केलेली तपासणी चांगली आली म्हणून गोळ्या सोडणारा माणूस तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या आणि तोल जाण्याची तक्रार घेऊन येतो, आणि मज्जातंतूंची ती इजा दरवेळी पूर्ण भरून येत नाही.

बी-१ म्हणजे थायामिनचे उलटे आहे. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. शस्त्रक्रियेनंतर कोणत्याही कारणाने उलट्या सुरू झाल्या आणि आठवडाभर टिकल्या, तर धोका इथून येतो. गावातला किंवा गल्लीतला डॉक्टर काय करील? सलाईन लावील. त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असते. थायामिन न देता ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायामिन ते पचवण्यातच खर्ची पडते, आणि डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात असंबद्धपणा अशी वेर्निके या मेंदूच्या विकाराची लक्षणे काही तासांत उभी राहू शकतात. वेळीच थायामिनचे इंजेक्शन मिळाले तर हे टळते. मिळाले नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे: शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, आणि ‘उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी थायामिन द्यावे’ ही ओळ असलेले एक कार्ड रुग्णाच्या पाकिटात. विमा कंपन्या रुग्णाला कॅशलेस कार्ड देतातच. त्याच्या मागच्या बाजूला ही ओळ छापायला काहीच खर्च नाही.

बायपासच्या रुग्णाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. जोडाच्या जागी अल्सर होतो, रक्त जाते. धूम्रपानाचे तेच. गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने अनेक डॉक्टर ते टाळण्याचे औषध देतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात आणि घरात घबराट उडते. प्रथिने आणि लोह नीट असेल तर ते परत येतात. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवावी लागते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबणे सुरक्षित नाही. ही सूचना लग्न ठरलेल्या किंवा नुकतेच लग्न झालेल्या मुलींना स्पष्ट शब्दांत दिली जात नाही, हे आपल्याकडच्या संकोचाचे फळ.

वजन परत चढते का? थोडे चढते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात चार हजारांहून अधिक माणसे होती, निम्मी शस्त्रक्रियेची, निम्मी नेहमीच्या उपचारांची. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन जवळपास होते तिथेच राहिले. मधुमेहाचेही तसेच. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या अभ्यासात वर्षभराने बायपासच्या ४२ टक्के रुग्णांचा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली आला होता. पाच वर्षांनी असे २९ टक्के उरले. केवळ औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच वर्षांनी ५ टक्के होते. शस्त्रक्रिया परिणामकारक आहे आणि तिचा परिणाम ओसरतोही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ओसरण्यामागे शरीराची जुळवाजुळव असते, पण सवयींचा वाटा मोठा असतो, आणि त्यांतली सर्वांत घातक सवय पोटभर जेवण्याची नव्हे, येता-जाता तोंडात टाकण्याची. मोठे जेवण पोटच घेऊ देत नाही. चिवडा, शेव, बाकरवडी, चहात बुडवून मऊ झालेले बिस्किट, आइस्क्रीम हे सगळे मात्र अलगद उतरते, कुठे अडत नाही, पोट भरल्याची जाणीव देत नाही. अंडे नको वाटते आणि फरसाण चालते, अशी तक्रार दुसऱ्या वर्षी आली की वजनकाटा पुढे काय सांगणार ते समजून जावे. दिवाळीच्या फराळाचे ताट घरोघरी पुढे येते आणि ‘एवढंसं तर आहे’ म्हणून प्रत्येक घरी एवढंसं खाल्ले जाते. पंगतीतला आग्रह, ‘पानात टाकू नये’ ही लहानपणची शिकवण, पुन्हा गरम करून वाढणारी आई, हे प्रेमाचे प्रकार या रुग्णाला महागात पडतात. म्हणून सल्ला देताना घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर बसवणे गरजेचे आहे. ती भेट तर कोणत्याच विम्यात बसत नाही.

आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. रोज केले तर पाण्याच्या चढउतारानेच जीव टांगणीला लागतो. व्यायाम म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काही: रबरी पट्टा, डंबेल, खुर्चीवरून उठबस. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. पहिले चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलायची नाही, गॅस सिलिंडर आणि पाण्याचा हंडाही नाही.

दारूबद्दल कमी बोलले जाते. बायपासनंतर ती वेगाने रक्तात चढते. पूर्वी दोन पेगवर सावध असलेला माणूस एकातच झिंगतो. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या एका अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, मद्यासक्तीचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षी जवळपास तेवढेच राहिले आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले. अन्नातून मिळणारा दिलासा बंद झाल्यावर काहीजण तो दुसरीकडे शोधतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची भेट या उपचाराचाच भाग मानावी लागते. प्राधिकरणाच्या यादीत संकेत १२ खाली मद्यासक्तीवरचे उपचारही वगळलेले आहेत.

तपासण्यांचे वेळापत्रक सरळ आहे. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, अल्ब्युमिन, साखर, दोन वर्षांनी हाडांची घनता. यांतली पहिलीच तपासणी साठ दिवसांच्या बाहेर पडते. पहिल्या वर्षी रुग्ण उत्साहाने येतात. वजन स्थिरावले की येणे थांबते, आणि वजन चढू लागले की ओशाळल्यामुळे येत नाहीत. फी आणि तपासणीचे बिल हे न येण्याचे आयते निमित्त ठरते.

प्राधिकरणाला यासाठी नवा कायदा लागत नाही. संकेत ०६ खाली मंजूर झालेल्या शस्त्रक्रियेपुरती घरी सोडल्यानंतरची मुदत ६० दिवसांवरून दोन वर्षे करता येईल, आणि तीत आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व ठरलेल्या रक्ततपासण्या बसवता येतील. संकेत १४ च्या कलमात एक ओळ घालून, अन्नमार्गावरील शस्त्रक्रियेमुळे लागणारी जीवनसत्त्वे व खनिजे ‘पूरक आहार’ न मानता औषध मानता येतील. निरामयता आणि प्रतिबंधक सुविधांविषयी २०२० मध्ये प्राधिकरणानेच काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत बाह्यरुग्ण सल्ला, तपासण्या आणि व्यायामशाळेवरील सवलतींना वाव ठेवला आहे. जिममध्ये पावले मोजणाऱ्या निरोगी तरुणाला त्यांचा लाभ मिळतो. कापलेल्या जठराच्या रुग्णाला तो आधी मिळायला हवा. खर्चाची धास्ती असलेल्या कंपन्यांनी एका बाजूला बी-१२ ची बारा महिन्यांची इंजेक्शने आणि दुसऱ्या बाजूला मज्जातंतूंच्या इजेसाठी रुग्णालयातला मुक्काम, अशी बेरीज स्वतःच करून पाहावी.

एक मुद्दा पुनर्शस्त्रक्रियेचा. काही रुग्णांचे वजन इतके परतते, किंवा स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास इतका वाढतो, की दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. संकेत ०६ च्या अटी काटेकोर वाचल्या तर दुसऱ्या वेळीही बीएमआय किमान ३५ किंवा ४० असायला हवा. ३३ वर असलेल्या, पुन्हा मधुमेह झालेल्या रुग्णाला याचा अर्थ एकच लागतो: आणखी जाड होऊन या. पुनर्शस्त्रक्रियेसाठी वेगळे निकष नसल्याने हा निर्णय प्रत्येक कंपनीच्या दावे विभागावर पडतो. ते निकष ठरवताना आधीच्या दोन वर्षांतील भेटी आणि तपासण्यांची नोंद पाहिली जावी, आणि ती नोंद ठेवता येईल एवढे संरक्षण पहिल्याच पॉलिसीत असावे.